कामिरीथुचा नाटककार

न्गुगी वा थिओंगो २८ मे २०२५ रोजी गेले. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, वयाच्या ८७व्या वर्षी. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिले आणि जवळजवळ प्रत्येकाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, नोबेलने त्यांना कायम हुलकावणी दिली. दोन, नाव झालेले असताना इंग्रजी सोडून ते गिकुयू या आपल्या मातृभाषेत लिहू लागले. दोन्ही खऱ्या आहेत. पण दुसरी गोष्ट अशा थाटात सांगितली जाते, जणू एका प्राध्यापकाने अभ्यासिकेत बसून, चार ग्रंथ चाळून हा निर्णय घेतला होता. तसे झालेले नाही. न्गुगींना त्यांच्या भाषेकडे परत नेले ते एका खेड्याने, आणि तेही नाटकाच्या तालमीत. जग त्यांना कादंबरीकार म्हणून ओळखते. मला मात्र त्यांच्यातला नाटककार मोठा वाटतो, कारण त्या नाटककाराने तुरुंगवास ओढवून घेतला नसता तर पुढचा कादंबरीकार झालाच नसता.

ते खेडे म्हणजे कामिरीथु. केनियाची राजधानी नैरोबी, तिच्याजवळ लिमुरूचा उंच, थंड, चहाच्या मळ्यांचा टापू. तिथे ५ जानेवारी १९३८ रोजी न्गुगींचा जन्म झाला. बाप थिओंगो वा न्दुचू याच्या चार बायका, दोन डझन मुले. आई वांजिकू ही तिसरी. बापाने जमीन घेतली होती ती जुन्या रीतीने, साक्षीदारांसमोर, बकऱ्या मोजून. विकणाऱ्याने तीच जमीन पुढे दुसऱ्याला विकली, आणि त्या दुसऱ्याकडे लेखी कागद होता. वसाहतीच्या कोर्टात तोंडी शब्दाला किंमत नव्हती. कागद ज्याचा त्याची जमीन. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कसणाऱ्याची जी गत होते तीच या कुटुंबाची झाली; स्वतःच्या जमिनीवर ते उपरे ठरले. चोहीकडचे सुपीक डोंगरउतार गोऱ्या मळेवाल्यांच्या ताब्यात गेलेले होतेच. जमिनीचा कागद हा न्गुगींच्या साहित्यात पुन्हापुन्हा येतो, त्याचे मूळ इथे आहे.

आईला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. १९४७ साली तिने मुलाला विचारले, शाळेत जाशील का? आणि लगेच बजावले की दुपारचे जेवण रोज मिळेलच असे नाही, तरी कुरकुर चालणार नाही. मुलाने शब्द दिला. पुढे प्रत्येक परीक्षेनंतर आईचा प्रश्न एकच असायचा: तुला याहून चांगले करता आले असते का? गुण किती मिळाले याच्याशी तिला फारसे देणेघेणे नसे. ‘ड्रीम्स इन अ टाइम ऑफ वॉर’ या आठवणींच्या पुस्तकात न्गुगींनी हे इतक्या मायेने लिहिले आहे की आईपुढे बाकी सगळी माणसे फिकी पडतात.

सुरुवातीला शाळेत गिकुयू चालायची. १९५२ साली इंग्रज राजवटीविरुद्धच्या माऊ माऊ बंडामुळे आणीबाणी जाहीर झाली, आफ्रिकी लोकांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या शाळा सरकारने ताब्यात घेतल्या, आणि इंग्रजी हीच विद्येची एकमेव भाषा ठरली. शाळेच्या आवारात कोणी गिकुयू बोलताना सापडला की छडी. नाहीतर ‘मी मूर्ख आहे’, ‘मी गाढव आहे’ असे लिहिलेली पत्र्याची पाटी गळ्यात. गुन्हेगार शोधण्याची युक्ती अशी: सकाळी एका मुलाच्या हाती एक बटण द्यायचे; जो गिकुयू बोलताना ऐकू येईल त्याच्या हाती त्याने ते सरकवायचे; संध्याकाळी बटण ज्याच्याकडे, त्याने कोणाकडून घेतले ते सांगायचे, त्याने पुढचे. अशी दिवसभराची साखळी उलगडे. मुलांना आपसांत चहाडखोर बनवण्याची ही रीत. आईच्या भाषेत बोलणे म्हणजे चोरी, हे त्यांच्या मनावर रोज असे कोरले जात होते.

घरातही दुफळी होती. थोरला भाऊ वॉलेस जंगलात बंडखोरांना जाऊन मिळाला. त्यामुळे आईला पकडून चौकीवर नेले, तिचा छळ झाला. सावत्र भाऊ गितोगो बहिरा होता. सैनिकांनी थांबण्याचा हुकूम केला तो त्याला ऐकू आला नाही. त्यांनी पाठीमागून गोळी घातली. आणि याच काळात, १९५५ साली, न्गुगींना अलायन्स हायस्कूल या नामांकित मिशनरी शाळेत प्रवेश मिळाला. पहिले सत्र संपवून मुलगा घरी आला तर घर जागेवर नाही. गावच नाही. बंडखोरांना अन्नपाणी मिळू नये म्हणून इंग्रजांनी वस्त्या पाडून लोकांना पहाऱ्यातल्या नव्या वसाहतींत कोंबले होते. पुढे ज्या कामिरीथुत नाटक उभे राहिले ते असे सक्तीने वसवलेले गाव होते.

पुढची वीस वर्षे झपाट्याची आहेत. कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात शिकताना त्यांनी ‘द ब्लॅक हर्मिट’ हे पहिले मोठे नाटक लिहिले, आणि १९६२ साली युगांडाच्या राष्ट्रीय नाट्यगृहात ते झाले. म्हणजे नाटक सुरुवातीपासून आहे, फक्त इंग्रजीत आहे. त्याच वर्षी मकेरेरेत इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे आलेले. विद्यार्थी न्गुगींनी धीर करून त्यांच्या हाती आपले हस्तलिखित ठेवले. १९६४ साली ‘वीप नॉट, चाइल्ड’ म्हणून ते छापून आले; पूर्व आफ्रिकेतल्या लेखकाची ती इंग्रजीतली पहिली कादंबरी मानतात. मुखपृष्ठावर नाव होते जेम्स न्गुगी. १९६६ साली डकारच्या कृष्णवर्णीय कला महोत्सवात तिला पारितोषिक मिळाले. मग ‘द रिव्हर बिटवीन’, मग इंग्लंडमधले लीड्स विद्यापीठ, तिथे फॅनन आणि मार्क्स यांचे वाचन, आणि १९६७ साली ‘अ ग्रेन ऑफ व्हीट’.

या शेवटच्या कादंबरीपाशी थांबायला हवे. केनियाला स्वातंत्र्य मिळण्याआधीचे चार दिवस. गावाने ज्याला वीर म्हणून डोक्यावर घेतले आहे त्या मुगोनेच क्रांतिकारक किहिकाचा घात केलेला आहे, आणि स्वातंत्र्यदिनाच्या सभेत तो हे सर्वांसमोर कबूल करतो. विजयाच्या दिवशी विजेत्यांच्या पोटातली भीती, लाज आणि फितुरी उघडी करायला धाडस लागते. निव्वळ कलाकृती म्हणून पाहिले तर न्गुगींची ही सर्वांत बांधेसूद कादंबरी, असे माझे मत आहे. आणि ती इंग्रजीत आहे. त्यांच्या पुढच्या भूमिकेच्या आड ही गोष्ट येते म्हणून ती लपवू नये. पण ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच वर्षी लीड्समधल्या एका मुलाखतीत त्यांनी बोलून दाखवले की यापुढे इंग्रजीत लिहिण्यात अर्थ आहे का, अशा पेचात मी आहे. ज्यांच्याविषयी लिहितो ते शेतकरी, ती आई, तो भाऊ यातले एक पान वाचू शकणार नाहीत. पेच कळला होता. वाट सापडायला दहा वर्षे लागली.

नैरोबी विद्यापीठात शिकवू लागल्यावर १९६८ साली दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मागणी केली की इंग्रजी विभाग बंद करावा, त्याजागी साहित्याचा विभाग असावा, आणि त्याच्या मध्यभागी आफ्रिकेचे मौखिक व लिखित वाङ्मय असावे. मोठा गदारोळ झाला, पण विभाग बदलला. सत्तरच्या दशकात ‘जेम्स’ गेले आणि न्गुगी वा थिओंगो उरले. १९७६ साली मिचेरे मुगो यांच्यासह लिहिलेले ‘द ट्रायल ऑफ डेदान किमाथी’ हे नाटक उभे राहिले. इंग्रजांनी फाशी दिलेल्या माऊ माऊ नेत्यावरचे. त्यासाठी केनियाच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या तारखा मागितल्या तेव्हा कळले की मोक्याच्या तारखा एका फ्रेंच बॅले कंपनीला आणि एका परदेशी संगीत प्रहसनाला दिलेल्या आहेत. स्वातंत्र्याला तेरा वर्षे झाली होती, आणि स्वतःच्या हुतात्म्यावरच्या नाटकाला आठवडाभराची जागा मिळवायला भांडावे लागत होते. ही चीड त्यांच्या मनात राहिली.

त्याच वर्षी एका सकाळी कामिरीथुतली एक बाई त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे म्हणणे सरळ होते: तुम्ही पुष्कळ शिकला आहात, पुस्तके लिहिता असे ऐकतो, त्यातले थोडे शिक्षण गावाला द्या की. सगळे नको, थोडेच. गावात एक मोडकळीला आलेले युवक केंद्र होते, ते चालते करायचे होते. न्गुगींनी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ती पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. मग पुन्हा. शेवटी ते गेले. या बाईचे नाव त्यांनी पुस्तकात दिलेले नाही. आफ्रिकेच्या वाङ्मयेतिहासात तिला जागा हवी.

काम सुरू झाले ते प्रौढ साक्षरता वर्गाने. शिकायला येणारी माणसे चहामळ्यातले मजूर, लिमुरूच्या बाटा कारखान्यातले कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, बेकार तरुण. अक्षरे येऊ लागल्यावर प्रश्न आला, आता पुढे काय? नाटक करू. मग भाषा कोणती? हा प्रश्न कोणी विचारलासुद्धा नाही. गिकुयूशिवाय तिथे दुसरी भाषा संभवतच नव्हती. न्गुगींनी नंतर लिहिले आहे त्याचा मथितार्थ हा की, दहा वर्षे ज्या प्रश्नाने डोके खाल्ले तो इथे प्रश्न म्हणून उभाच राहिला नाही.

न्गुगी वा थिओंगो आणि त्यांचे सहलेखक न्गुगी वा मिरी या दोघांनी संहितेचा कच्चा आराखडा केला, ‘न्गाहिका न्देन्दा’. इंग्रजीत पुढे त्याला ‘आय विल मॅरी व्हेन आय वाँट’ म्हटले गेले. किगुंडा नावाचा शेतमजूर, दीड एकराचा धनी. त्या दीड एकराचा कागद त्याने चौकट करून भिंतीवर टांगला आहे. धनाढ्य, देवभोळा ख्रिस्ती मालक किओई याच्या मुलाबरोबर किगुंडाच्या मुलीचे सूत जुळलेले आहे असे दिसते. मालक सांगतो, आधी तुम्ही नवरा-बायको चर्चमध्ये रीतसर लग्न करा. त्या लग्नाच्या खर्चासाठी कर्ज. कर्जाला तारण तो भिंतीवरचा कागद. शेवट काय होणार हे प्रेक्षकाला दिसत असते, पण किगुंडाला दिसत नाही. भिंतीवरून ती चौकट उतरते तेव्हा न्गुगींच्या बापाची जमीन आठवल्याशिवाय राहत नाही.

संहिता गावापुढे वाचली गेली आणि गावाने ती सोलून काढली. म्हातारा असे बोलत नाही, म्हातारी माणसे म्हणीत बोलतात. मुलगी बापाशी या शब्दांत बोलणार नाही. कारखान्यातल्या पिळवणुकीचे वर्णन आले तेव्हा बाटाच्या कामगारांनी लेखकांना बसवून हिशेब समजावला: दिवसात किती माल निघतो, तो किती किमतीचा, त्यातले आपल्या पदरात किती पडते. हे आकडे संहितेत गेले. जुनी गाणी, लग्नविधीचा क्रम, बंडाच्या काळातली शपथ, सगळे माहितगारांकडून आले. बंडात खरोखरच्या गावठी बंदुका घडवणाऱ्या हातांनी नाटकासाठी खोट्या बंदुका केल्या. जगभर वाचला जाणारा लेखक गावातल्या निरक्षर म्हाताऱ्यांकडून स्वतःची भाषा दुरुस्त करून घेत होता. मी हे जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा वाटते, लेखकाच्या वाट्याला याहून मोठा मान येत नसेल.

रंगमंचही गावाने बांधला. काही तरुणांनी काड्यापेटीतल्या काड्यांचा नमुना केला आणि त्याबरहुकूम सुमारे दोन हजार माणसे बसतील असे उघडे नाट्यगृह उभे राहिले. तालमी शनिवार-रविवारी, कारण बाकीचे दिवस नटांना मजुरीवर जायचे असे. दिग्दर्शक किमानी गेचाऊ. तालमी उघड्यावर, कोणीही यावे, पाहावे, चूक काढावी. प्रयोगाचा दिवस उजाडला तोवर अर्ध्या गावाला संवाद पाठ होते. भूमिका करणारा आजारी पडला तर उभे राहायला दहाजण तयार. न्गुगी सांगतात की या महिन्यांत गावातले दारू पिणेही कमी झाले, संध्याकाळी लोकांना दुसरे काम मिळाले होते.

२ ऑक्टोबर १९७७, रविवार. पहिला प्रयोग. लोक लांबून बस आणि टॅक्सी करून आले. पुढचे सहा आठवडे प्रत्येक शनिवार-रविवार माणसांचा पूर. आणि १६ नोव्हेंबरला किअंबूच्या जिल्हाधिकाऱ्याने परवाना काढून घेतला. कारण दिले सार्वजनिक सुरक्षेचे.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच वर्षी जुलैत न्गुगींची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही कादंबरी आली होती. स्वतंत्र केनियातल्या नव्या धनदांडग्यांवर ती नाटकाइतकीच, किंबहुना जास्त तुटून पडते. तिच्या प्रकाशनाला खुद्द अर्थमंत्री म्वाई किबाकी आले होते. इंग्रजीतला घणाघात सरकारला चालत होता. त्याचे कौतुकही होत होते. तेच गिकुयूत, उघड्या रंगमंचावर, ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या तोंडून आले तेव्हा सहा आठवड्यांत बंद. साहित्याची ताकद कशात असते हे सरकारला समीक्षकांच्या आधी कळले, असे मला या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर वाटते.

३० डिसेंबरच्या मध्यरात्री पोलिसांच्या गाड्या घरी आल्या. घराची झडती, पुस्तके जप्त, लेखक ताब्यात. स्थानबद्धतेच्या हुकमावर सही उपराष्ट्राध्यक्ष आणि गृहमंत्री डॅनियल अराप मोई यांची. आरोप नाही, खटला नाही, मुदत नाही. कामिती कारागृहात न्गुगींची ओळख उरली ती के६,७७ या क्रमांकापुरती.

तुरुंगात त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, साखळदंड घालून घ्यायला नकार दिला. बाहेर डॉक्टरकडे नेताना स्थानबद्धाने बेड्या स्वीकाराव्यात असा नियम होता. मी गुन्हेगार नाही, बेड्या घालणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि दुखणे अंगावर काढले. दुसरी गोष्ट म्हणजे कादंबरी. गिकुयूतली पहिली. कागद मिळेना तेव्हा शौचालयात दिला जाणारा कागद वापरला. तो कागद जाडाभरडा, शिक्षेचाच भाग म्हणावा असा. त्याच्या मूळ कामाला वाईट पण पेनाला उत्तम. रोज थोडे थोडे लिहायचे, घड्या जपून ठेवायच्या. सोबतच्या कैद्यांशी शब्दांवर, म्हणींवर, गाण्यांवर बोलायचे. गिकुयूत कादंबरीची परंपरा जवळपास नव्हतीच. शहरातला आधुनिक व्यवहार त्या भाषेत कसा मांडायचा हे वाक्यागणिक शोधायचे होते. एके दिवशी अचानक झडती झाली आणि सगळे हस्तलिखित पकडले गेले. महिन्यांचे काम गेले. तीनेक आठवड्यांनी तुरुंगाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने ते परत आणून दिले. यात आक्षेपार्ह काही दिसले नाही, पण तुमची भाषा फार अवघड आहे, असे त्याचे मत पडले.

बाहेर मे १९७८ मध्ये त्यांना मुलगी झाली. न्जोकी. लिमुरूच्या शेतकऱ्यांनी तिला आणखी एक नाव दिले, वामुइंगी, म्हणजे लोकांची लेक. बापाने लेकीला प्रथम पाहिले ते फोटोत. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा वारले, मोई त्यांच्या जागी आले, आणि १२ डिसेंबर १९७८ रोजी सर्व राजकीय स्थानबद्ध सुटले. विद्यापीठाने मात्र न्गुगींना नोकरीवर परत घेतले नाही.

‘शैतानी मुथाराबा-इनी’, म्हणजे क्रुसावरचा सैतान, १९८० साली छापून निघाली. एका गुहेत चोर-दरोडेखोरांची स्पर्धा भरली आहे. एकेक स्पर्धक उठून आपण गरिबांना कसे लुटले ते फुशारकीने सांगतो. रचना सरळ कथेकऱ्याची, ऐकायला बसलेल्या लोकांसाठी. कामिरीथुचा रंगमंच या कादंबरीच्या पानापानांत आहे: गाणी, म्हणी, सवाल-जवाब, रंगवून सांगितलेली भाषणे. वाचणारा एकटा नाही हे गृहीत धरून ती लिहिली आहे. आणि झालेही तसेच. प्रकाशकाने पाच हजार प्रती काढल्या होत्या, कारण गिकुयूत कादंबरी कोण घेणार? वर्षभरात तीनदा छापावी लागली, पंधरा हजार प्रती गेल्या. घरात साक्षर माणूस मोठ्याने वाचे, बाकीचे ऐकत. मटाटू या प्रवासी गाड्यांत वाचन चाले. दारूच्या गुत्त्यात तर सराईत वाचक तयार झाले. कथानक रंगात आले की वाचक पुस्तक खाली ठेवी आणि रिकाम्या पेल्याकडे पाही. श्रोते पेला भरून देत, मग पुढचे पान. कादंबरीचे असे वाचन जगात फार थोड्या लेखकांनी पाहिले असेल.

नाटकाने त्यांना सोडले नव्हते. १९८२ च्या सुरुवातीला कामिरीथुच्याच मंडळींनी ‘माइतू न्जुगीरा’ हे संगीतमय नाटक बसवले. राष्ट्रीय नाट्यगृह आरक्षित केले होते. नट पोचले तेव्हा दरवाजाला कुलूप आणि बाहेर पोलिस. मग तालमी विद्यापीठात सुरू झाल्या, त्या तालमींनाच हजारो लोक लोटले, म्हणून त्याही बंद केल्या. मार्चमध्ये सशस्त्र पोलिसांचे ट्रक कामिरीथुत आले आणि लोकांनी बांधलेले नाट्यगृह जमीनदोस्त करून गेले.

जूनमध्ये न्गुगी ‘शैतानी मुथाराबा-इनी’च्या इंग्रजी आवृत्तीच्या प्रकाशनासाठी लंडनला गेले. परतलात तर विमानतळावरच अटक होईल, असा निरोप आला. ते थांबले. थांबणे बावीस वर्षे लांबले.

परागंदा काळातली एक हकीकत सांगायलाच हवी. १९८६ साली ‘मातिगारी’ ही गिकुयू कादंबरी केनियात आली. नायक जंगलातून परतलेला जुना लढवय्या. गावोगाव फिरून विचारतो, या देशात सत्य आणि न्याय कुठे मिळेल? काही महिन्यांतच सरकारकडे खबर गेली की मातिगारी नावाचा इसम मध्य केनियात हिंडून लोकांना भडकवतो आहे. त्याला पकडण्याचे हुकूम सुटले. तो पुस्तकातला आहे हे कळल्यावर, फेब्रुवारी १९८७ मध्ये, पोलिसांनी दुकानांतून पुस्तकाच्याच प्रती उचलल्या. लोक एखाद्या पात्राविषयी शेजारच्या माणसाविषयी बोलावे तसे बोलू लागले होते, म्हणून खबर गेली. याचे श्रेय पुन्हा त्या उघड्या रंगमंचाला.

१९८६ सालचेच ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ हे सिद्धान्ताचे पुस्तक आज विद्यापीठांत सर्वांत जास्त वाचले जाते. त्यात त्यांनी इंग्रजीला निरोप दिला. अचेबेंशी त्यांचा वाद इथे टोकाला गेला. अचेबेंचे म्हणणे, इतिहासाने हाती दिलेली इंग्रजी वाकवून तिच्यात आपला अनुभव मांडता येतो, आणि अनेक भाषांच्या देशात ती दुवा ठरते. न्गुगींचे म्हणणे, तुम्ही कितीही वाकवली तरी समृद्ध होते ती इंग्रजी. मला अचेबेंचा युक्तिवाद पोकळ वाटत नाही. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ लिहिणाऱ्याला तो करण्याचा अधिकार होता. आणि न्गुगींनीही निरोप पुरता पाळला नाही. येल, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथे शिकवताना त्यांनी निबंध इंग्रजीत लिहिले, तिन्ही आठवणींची पुस्तके इंग्रजीत लिहिली. पण कादंबरी मात्र गिकुयूतच, आणि मग बहुधा स्वतःच इंग्रजीत आणायची, हे त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. ‘मुरोगी वा कागोगो’ ही प्रचंड कादंबरी अशीच आली. ‘विझर्ड ऑफ द क्रो’ या नावाने तिचा इंग्रजी अवतार साडेसातशे पानांच्या वर जातो. आभाळाला भिडणारा मनोरा बांधायला निघालेला हुकूमशहा तिच्या केंद्रस्थानी आहे. कुठे कुठे ती पसरट होते, एकच विनोद तीनदा येतो. तरी मोठ्याने वाचून पाहावी. पसरट वाटणारी पाने ऐकताना खुलतात.

मोईंची राजवट संपल्यानंतर, २००४ साली, ते मायदेशी आले. विमानतळावर गर्दी. राष्ट्राध्यक्ष होते म्वाई किबाकी, सत्तावीस वर्षांपूर्वीचे प्रकाशन-समारंभाचे पाहुणे. काही दिवसांतच नैरोबीतल्या त्यांच्या मुक्कामी शस्त्रधारी शिरले. न्गुगींना मारहाण झाली, सिगारेटचे चटके दिले गेले, आणि पत्नी न्जेरी यांच्यावर बलात्कार झाला. न्जेरी यांनी गप्प न बसता हे जाहीरपणे सांगितले, कोर्टात उभ्या राहिल्या. या साऱ्या कथेतले सर्वांत धैर्याचे कृत्य कोणाचे, असे विचारले तर मी त्यांचे नाव घेईन.

आणखी एक गोष्ट टाळता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये त्यांचा मुलगा मुकोमा, जो स्वतः लेखक आहे, याने जाहीरपणे लिहिले की वडील माझ्या दिवंगत आईला मारहाण करत. ती आई म्हणजे पहिली पत्नी न्यांबुरा. मुंबी, वारिंगा, न्यावीरा अशा ताठ कण्याच्या स्त्रिया ज्याने कादंबऱ्यांत रंगवल्या त्याच्याविषयी हे वाचताना त्रास होतो. तो त्रास झालाच पाहिजे. पुस्तकांची थोरवी पुढे करून त्या बाईचे दुःख झाकणे हा पुन्हा एक अन्याय ठरेल.

भारताशी त्यांचे नाते जुने होते. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून निघालेला लोहमार्ग ज्या तीसेक हजार भारतीय मजुरांनी घातला तो लिमुरूवरून जातो, आणि लहानपणी त्यांनी पाहिलेली लिमुरूची बाजारपेठ भारतीय दुकानदारांची होती. पण खरे नाते तुरुंगांतून जुळले. तेलुगू कवी वरवरा राव यांनी ऐंशीच्या दशकात कैदेत असताना न्गुगींची पुस्तके तेलुगूत नेली. आणि प्रा. जी. एन. साईबाबा, ज्यांना २०१७ साली गडचिरोलीच्या न्यायालयाने जन्मठेप दिली होती, त्यांनी नागपूर मध्यवर्ती कारागृहात ‘ड्रीम्स इन अ टाइम ऑफ वॉर’चा तेलुगू अनुवाद केला. २०१८ साली न्गुगी हैदराबादला आले आणि त्या अनुवादाचे प्रकाशन त्यांच्या हस्ते झाले. अनुवादक तेव्हा नागपुरात कोठडीत होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये साईबाबांना निर्दोष सोडले, त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले. वांजिकूने उपाशीपोटी शाळेत धाडलेल्या मुलाची गोष्ट महाराष्ट्रातल्या एका कोठडीत, एका भारतीय भाषेत उतरली. ती भाषा मराठी नव्हती.

पुरस्कार बरेच मिळाले: १९७३ चा लोटस, इटलीचा नोनिनो, दक्षिण कोरियाचा पाक क्योंग-नी. २०२१ साली ‘द परफेक्ट नाइन’ आंतरराष्ट्रीय बुकरच्या यादीत आले. लेखक आणि अनुवादक एकच, आणि मूळ भाषा आफ्रिकेतली, असे त्या यादीत प्रथमच घडले. मे २०२२ मध्ये ‘न्गाहिका न्देन्दा’ नैरोबीच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झाले, इंग्रजीत आणि गिकुयूतही. १९८२ साली ज्याला कुलूप लावले होते तेच नाट्यगृह.

मराठी वाचकाने न्गुगी वाचायला घ्यावेत ते या नाटकापासून आणि तुरुंगाच्या ‘डिटेन्ड’ या दैनंदिनीपासून. सिद्धान्ताचे पुस्तक नंतर वाचले तरी चालेल. आणि एक मागणी आमच्या विद्यापीठांकडे, साहित्यसंस्थांकडे. भाषांनी एकमेकींशी थेट बोलावे, दर वेळी इंग्रजीच्या दारातून जाऊ नये, हे न्गुगींनी आयुष्यभर सांगितले. मुलीला भेट म्हणून लिहिलेली त्यांची एक छोटी गिकुयू गोष्ट, माणूस ताठ का चालतो याविषयीची, शंभराहून अधिक भाषांत गेली आहे. एका तरुण मराठी अनुवादकाला दोन वर्षे नैरोबीत राहून गिकुयू शिकण्यासाठी अभ्यासवृत्ती द्या. ‘न्गाहिका न्देन्दा’ मराठीत यायला हवे, आणि ते गिकुयूतून यायला हवे.